मी अजून सांगितलोच नाही

"अक्का, मी अजून सांगितलोच नाही."

एवढंच म्हणाला तो. तेही हळू, शेजारच्या जोडीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. नाचाच्या क्लासात माझा उजवा हात त्याच्या डाव्या हातात होता आणि मी गर्रकन वळून त्याच्यासमोर परत उभीही राहिले होते. त्यानं हात उचललाच नव्हता. माझ्या वळण्यानंच तो ओढला गेला आणि त्याचं कोपर कुठल्या कुठे वर गेलं. पोरगा गोकाककडचा. घरी कन्नड, मराठी बेळगावात आल्यावर शिकला. 'मी सांगितलो', 'मी केलो' असंच बोलतो. इथं जन्मून मराठी शाळेत शिकलेले आम्हीही घाईत तसंच बोलतो, म्हणून ते कानाला खटकत नाही. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. एखाद्याच्या पदराला चिकटलेला दोरा दाखवावा तसं त्यानं दाखवलं आणि पुन्हा 'ओंदु, एरडु, मूरु' असं तोंडातल्या तोंडात मोजायला लागला. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. ओटा पुसताना, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, दुसऱ्या दिवशी गणपत गल्लीत मेथीची जुडी हातात घेऊन उभी असताना, ते येतच राहिलं.

सालसाच्या, म्हणजे जोडीनं करायच्या त्या नाचाच्या, क्लासला मी जायला लागले ते दुसऱ्या रेल्वे गेटामुळं. टिळकवाडीतल्या माणसाचं आयुष्य या गेटांनी बांधलेलं आहे. गेट पडलं की गाडी बंद करायची, पाय खाली टेकायचा आणि बघत बसायचं. पतसंस्थेतली नोकरी संपून तेव्हा चारच महिने झाले होते. श्रावण लागायचा होता, आपल्याकडचा तो न थांबणारा भुरभुर पाऊस, रेनकोटाच्या आत घामानं ब्लाऊज ओला झालेला. मालगाडी होती, लवकर संपेना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून एक घंटा ऐकू आली. देवळातली नव्हे, शाळेतली नव्हे. गाईच्या गळ्यातली असते तशी, बसका आवाज, पण ठेक्यात. टंग्, टंग्, टंग्. आणि तिच्याखाली हातानं वाजवलेल्या चामड्याचा एक खोल आवाज. मालगाडी गेली, गेट उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले आणि मी निघाले. पण पुढच्या आठवड्यात गेट उघडंच होतं तरी मी तिथं थांबले. त्याच्या पुढच्या आठवड्यात जिना चढले. वयाची ५६ वर्षं पूर्ण झाली होती आणि मला पहिल्यांदा असं काहीतरी हवं होतं जे कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

आमचे सर अठ्ठावीस-तीस वर्षांचे असतील. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त चालायला लावलं. आठ मोजायचे, पण पावलं सहाच. एक-दोन-तीन, मग थांबा. पाच-सहा-सात, मग थांबा. बाईनं एकला उजवा पाय मागं टाकायचा, दोनला डाव्या पायावर वजन जागच्या जागी द्यायचं, तीनला उजवा पाय परत जागेवर. पाचला डावा पुढं, सहाला उजव्यावर वजन, सातला डावा जागेवर. पुरुषाचं याच्या उलट, म्हणजे तो पुढं येतो तेव्हा आपण मागं जातो. पाऊल वीतभराचंच. कंबर हलवायची नाही, गुडघे मऊ ठेवले आणि वजन पुरतं टाकलं की ती आपोआप हलते. हे सगळं मला जमलं. शाळेत लेझीम खेळलेली मी, आठाचं माप माझ्या अंगात होतं. जे जमेना ते चार आणि आठ. लेझमीत एकही ठोका रिकामा जात नाही. हात नाही तर पाय, पाय नाही तर मान, काहीतरी चालूच. इथं मात्र तो ठोका वाजत असतो आणि आपण काही करायचं नसतं. माझा पाय त्या जागी काहीतरी भरायला धावायचाच.

सरांनी एकदा समजावून सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. नेणारा, म्हणजे जोडीतला पुरुष, तीन म्हणता म्हणता हात उचलतो. ती उचल बाईच्या तळहाताला कळते ती चारावर. आणि ती वळते पाचला. म्हणजे तो चार रिकामा नाहीच. निरोप पोचायला लागणारा तो वेळ आहे. मिनिटाला १८० ठोक्यांचं गाणं असेल, आणि सालसात ते मध्यमच म्हणायचं, तर हा वेळ एका सेकंदाचा तिसरा भाग. एवढ्याशा वेळात समोरच्याचं म्हणणं येतं, आणि मी त्याच्या आधीच निघून गेलेली असते. नवशिक्या बाईकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, असं सर म्हणाले. तिला गाणं कळतं, पुढचं पाऊल ठाऊक असतं, समोरच्याला त्रास नको असं मनापासून वाटत असतं. म्हणून ती त्याच्या आधी वळते.

हे ऐकून मी खाली जिन्याच्या पायरीवर थोडा वेळ बसले.

लहानपणापासून माझं एकच कौतुक झालं आहे. 'पोरीला काही सांगावं लागत नाही.' खानापूरजवळच्या आमच्या घरी आई ज्वारीची भाकरी थापत असायची, आणि तिनं मान वळवायच्या आत मी काटवटीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा. त्यावर ती नुसती हसायची. ते हसू मिळावं म्हणून मी तिच्या मानेकडे लक्ष ठेवायला शिकले. लग्न होऊन शहापुरात आले तेव्हा सासूबाईंनी महिन्याभरात तेच सर्टिफिकेट दिलं. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पुढची चार वर्षं त्या घरात त्यांच्या डोळ्यांची भाषा कळणारी मी एकटी होते. नजर डावीकडे गेली म्हणजे पाणी. पापण्या जड म्हणजे कूस बदलायची. खिडकीकडे बघितलं म्हणजे ऊन डोळ्यांवर येतंय, पडदा ओढायचा. मी पडदा ओढायची आणि ते डोळे मिटायचे. सगळे म्हणायचे, तुलाच कळतं बाई. आता गुडघे मऊ ठेवून आरशासमोर उभी असताना मला मध्येच प्रश्न पडतो, की त्यांना पडदाच ओढून हवा होता का? की खिडकीतून दिसणारा रस्ता बघायचा होता? ते डोळे मिटायचे ते बरं वाटलं म्हणून, की आता सांगून उपयोग नाही म्हणून? विचारायला आता कुणी नाही. आणि मी जे केलं ते मायेनंच केलं, यातलं काही मी मागं घेणार नाही. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ आहेत.

एका मंगळवारी रात्री जेवताना मी पळी हातात घेऊन थांबले. ह्यांचा भात संपत आला की शेवटचा घास मोडायच्या आत मी त्यावर पळीभर आमटी घालते. बत्तीस वर्षं. त्या दिवशी घातली नाही. हात अक्षरशः दुखत होता. त्यांनी राहिलेला भात तसाच कोरडा खाल्ला, ताटात बोट फिरवलं, पाण्याचा घोट घेतला आणि हात धुवायला उठले. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, "आमटी नको होती?" ते म्हणाले, "नाही, पोट भरलं की." मग टॉवेलला हात पुसत म्हणाले, "तू वाढतीस म्हणून खातो मी. बरी लागती." मी ते उष्टं ताट तसंच समोर ठेवून बसले. बत्तीस वर्षांची ती पळी मला वाटत होती तशी नव्हती, पण अगदी वायाही गेली नव्हती.

हे फक्त बायकांचं म्हणावं तर तसंही वाटत नाही. आपल्या या गावात हे सगळ्यांनाच करावं लागतं. समोर माणूस आला की तोंड उघडायच्या आत ठरवायचं, याच्याशी कन्नड बोलायचं की मराठी. काउंटरवर माझी २९ वर्षं गेली ती यातच. टोपी कशी आहे, कपाळावर विभूती आहे का, पासबुक पुढं करताना मान किती वाकवली, सौंदत्तीची बस यायची वेळ झाली आहे का. बघितलं की कळायचं. आणि समोरच्याच्या भाषेत आपण आधीच बोललो तर त्याचा चेहरा उजळतो, हेही मी हजारदा पाहिलंय. भांडणं पुष्कळ झाली असतील या गावात भाषेवरून, पण काउंटरच्या काचेतल्या त्या भोकातून मी दोन्ही भाषांचं प्रेमच पाहिलं. एकदा एक म्हातारी आली. इरकल नेसलेली, हातभर हिरव्या बांगड्या, दम लागलेला. मी म्हटलं, "एन बेक्री अज्जी?" ती माझ्याकडे बघत राहिली. पिशवीतून पासबुक काढलं, काचेखालून सरकवलं आणि अगदी सावकाश म्हणाली, "मराठीच हाय मी. मला इचारायचं तरी की गं." मी माफी मागितली, पैसे मोजून दिले, ती गेली. इरकल आपल्याकडे दोन्ही भाषांच्या बायका नेसतात, माझ्या आईच्या पेटीतही होतं. मला ठाऊक होतं आणि तरीही मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत ती बाई मला कधी आठवली नव्हती. गोकाकच्या त्या पोरानं हात सोडता सोडता जे म्हटलं, त्यात तिचा आवाज होता.

त्याच्या हाताबद्दल सांगायला हवं. तो उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, पहिली पाळी संपवून येतो. साबणानं धुऊन येतो तरी बोटांच्या पेरांत काळ्या रेघा असतात, आणि जवळ गेलं की मशीनच्या तेलाचा वास येतो, त्यात लोखंडाचा किंचित गोडसर वास मिसळलेला. तर्जनीच्या टोकाला बारीक चिरा. पण धरायला मी जितके हात धरले त्यात सगळ्यात हलका हात त्याचा. दर दोन गाण्यांनी जोडी बदलायची असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून तुलना करता येते. कुणी मनगट दाबतं, कुणी अंगठ्यानं कुलूप घालतं. सालसात अंगठा मिटायचा नसतो. त्यानं बोटांचा नुसता आकडा करून ठेवायचा, आपण आपली बोटं त्यात अडकवायची, आणि दोन्ही बाजूंनी अगदी थोडा ताण ठेवायचा. ओल्या साडीचं एक टोक एकीनं, दुसरं दुसरीनं धरून ती वाळवायला उभं राहतात तेवढा. सैल पडला तर निरोप जात नाही, ओढला तर तोल जातो. एकदा मी त्याला विचारलं, इतका हलका हात कसा रे? म्हणाला, "मशीनवर घट्ट धरला की पार्ट बिघडतोय, अक्का."

फुगडीची सवय मला इथं आड आली. नागपंचमीला आमच्या परड्यात, नुकत्याच सारवलेल्या, अजून थंड लागणाऱ्या जमिनीवर आम्ही फुगड्या घालायचो. हातांची फुली, चवड्याला चवडा, आणि सगळं अंग मागं टाकून द्यायचं. तिथं हात जीव खाऊन धरावा लागतो, कारण तू सोडलंस तर मी डोकं आपटून पडणार. कोण कुणाला नेतं हा प्रश्नच नाही, दोघी मिळून एकच भोवरा. माझ्या थोरल्या बहिणीच्या नखांच्या खुणा माझ्या मनगटावर गौरी जाईपर्यंत असायच्या. त्या फुगडीतली मी फार सुखी होते. चाळिशीनंतर गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि ते सुटलं. मला वाटायचं, नाच म्हणजे तेच, दुसऱ्याला घट्ट धरून ठेवणं. सर पहिल्या महिन्यात दर वेळी येऊन माझ्या हातावर बोटानं टिचकी मारायचे. "काकू, वजन तुमचं तुमच्यापाशी ठेवा." ऐकायला किती सोपं. स्वतःचं वजन स्वतःच्या पायांवर ठेवून दुसऱ्याचा हात धरायला मला तीन महिने लागले. मध्ये एका गोष्टीचा फार उपयोग झाला. माझ्या कॅनव्हासच्या बुटांचा रबरी तळ फरशीला धरून बसायचा, पाऊल फिरायचं नाही आणि गुडघा पिळायचा. खडेबाजारातल्या चप्पलवाल्याकडून त्या तळाला जुन्या चामड्याचा खरबरीत तुकडा चिकटवून घेतला. त्या दिवशी मी पहिल्यांदा न दुखता वळले.

रात्री झोप आली नाही की मी ही गाणी कानाला लावून ऐकते. शब्द एक कळत नाही. सालसा म्हणजे स्पॅनिशमध्ये सॉस, आपल्या भाषेत कालवणच म्हणायचं. क्युबातलं 'सोन' नावाचं जुनं संगीत, गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या हातांतले ढोल, स्पॅनिश गाणं, आणि हे सगळं न्यूयॉर्कच्या वस्त्यांत पोर्तो रिकोहून आणि क्युबाहून आलेल्या लोकांनी एकत्र शिजवलेलं. जॉनी पाचेको नावाच्या वादकानं जेरी मासुची या वकिलाबरोबर तिथं १९६४ मध्ये फानिया रेकॉर्ड्स काढली आणि सत्तरच्या दशकात हे नाव जगभर झालं. टिटो पुएंतेसारख्या थोर वादकाला ते नाव फारसं रुचलं नव्हतं. मला मात्र ते आवडतं. बेळगावची भाषा कानात घेऊन वाढलेल्या माणसाला कालवणाचं वावडं असायचं कारण नाही. यात सेलिया क्रूझ ही माझी बाई. १९६० मध्ये ती क्युबातून बाहेर पडली आणि १९६२ मध्ये तिची आई वारली तेव्हा तिला शेवटचं बघायला परत येऊ दिलं नाही. गाता गाता ती मध्येच 'आसूकार!' अशी आरोळी ठोकते. त्याचा अर्थ साखर. उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांची आठवण त्यात आहे असं काहीजण म्हणतात, हे कळल्यावर चिकोडी-अथणीकडचे उसाचे फड माझ्या डोळ्यांपुढे आले. पाचटानं कापलेली तोडकऱ्यांची बोटं, गळिताच्या दिवसांत हवेत पसरलेला मळीचा वास. माझ्या एका मामीचं सगळं आयुष्य तसल्या फडात गेलं. त्या आरोळीला दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

त्याच गाण्यांत दोन लाकडी दांडक्यांचा एक आवाज असतो, क्लावे म्हणतात त्याला. आपल्या टिपऱ्यांसारखीच दांडकी, जरा आखूड. आठ ठोक्यांत पाचच आघात, तीन आणि दोन. कितीतरी गाण्यांत ती प्रत्यक्ष वाजतही नाहीत, पण वाजवणारा प्रत्येकजण ती मनात धरून असतो आणि बाकी सगळं त्यावर बेतलेलं असतं. मी अंधारात उशीवर बोटानं ते पाच आघात वाजवते. दोन आघातांच्या मध्ये ज्या जागा राहतात त्या मोजायला मला आता आवडायला लागलंय.

गेल्या शुक्रवारी सरांनी सगळ्या बायकांना डोळे मिटायला सांगितले. जोडी ठरवून दिली, आणि माझ्यासमोर तोच आला, हे मला वासावरून कळलं. गाणं सुरू झालं. डोळे मिटल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की आपण किती बघत होतो. त्याच्या खांद्याची हालचाल, सरांचा चेहरा, आरशातली शेजारीण, सगळ्यांवरून मी पुढचं ठरवत होते. आता काही नाही. तळहातात चार बोटं आणि तळव्याखाली चामडं. एक-दोन-तीन. चार. पाच-सहा-सात. आठ. त्यानं वळवलं नाही. परत एक-दोन-तीन. माझा डावा पाय निघाला होता, आता वळवणार असं मला पक्कं वाटलं होतं, आणि त्याचा हात जागेवरच होता. मी पाय सरळ पुढं टाकला. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा मला रडूच येईल असं वाटलं, कशाचं ते कळेना. खाली गेटाची घंटा वाजायला लागली, गाड्या एकेक करून बंद झालेल्या ऐकू आल्या, पावसाचा आवाज मोठा झाला. गाण्यातली घंटा आणि गेटाची घंटा यांचा मेळ काही बसत नव्हता आणि मी नुसती उभ्या-उभ्या चालत होते. सहाव्यांदा की सातव्यांदा, मी मोजणं सोडलं होतं, तीनावर पाऊल जागेवर आलं, आणि चारावर माझ्या बोटांखालची बोटं किंचित वर गेली. ओढलं नाही, ढकललं नाही. दुधावर साय धरताना वाटी जेवढी हलते, तेवढीच उचल. मी पाचला निघाले. छत फिरलं नाही, भोवळ आली नाही. सातला दोन्ही पाय जुळले तेव्हा तो समोर होता आणि त्याचा हात माझ्या हाताला जिथं असायचा तिथं होता.

"ईग सरि आतु नोड्री!" आत्ता बरोबर झालं बघा, असं तो जोरात म्हणाला. सगळी खोली बघायला लागली असावी, मी डोळे उघडले नव्हते. त्यानं माझ्याशी कन्नड बोलायची ही पहिलीच वेळ.

मी म्हटलं, "परत."